चालकाचा ताबा सुटल्याने

पोस्ट लांब आहे. जुन्या गाड्यांत रस नसेल तर मधलं नटबोल्टाचं पुराण सोडून द्या, पण शेवटपर्यंत या. विषय गाडीचा नाही.

गेल्या महिन्यात अंबाजोगाईहून बीडला येत होतो. गाडी माझी नव्हे, मामांची. स्टँडर्ड हेराल्ड, मॉडेल १९६७. मामा वकील, आता वय झालंय, डोळे साथ देत नाहीत. मेडिकल कॉलेजातले एक डॉक्टर बदली होऊन निघाले तेव्हा १९७८ साली मामांनी ती त्यांच्याकडून घेतली. "तू चालव, उभी राहिली की सडते," म्हणून दोन वर्षांपूर्वी किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून बीडमध्ये माझी ओळख 'तो पत्रकार' ऐवजी 'तो हेराल्डवाला' अशी झाली आहे. पगाराकडे बघता दुसरी ओळख बरी.

पस्तिशीच्या आतल्या लोकांनी ही गाडी बहुतेक पाहिलीच नसेल. १९६१ पासून मद्रासला बनायची. मूळ इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचा आकार काढलेला जोव्हान्नी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने. अँबेसेडर आणि फियाट यांच्या जमान्यात ही तिसरी, कमी खपाची, पण दिसायला सगळ्यात देखणी. बॉनेट उघडलं की पुढचे मडगार्ड, दिवे सगळं एकत्र पुढं कलतं आणि इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळं. पुढच्या टायरवर बसून माणूस काम करू शकतो. वळते इतकी कमी जागेत की सुभाष रोडवर एका झटक्यात उलटी फिरते (हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे). याच गाडीची चेसी आखूड करून इंग्रजांनी १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. पुढच्या चाकांची सगळी रचना तीच. म्हणजे आपली हेराल्ड ही त्या स्पोर्ट्स कारची घरंदाज थोरली बहीण. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथं हेराल्डी पळायच्या. इंजिन फक्त ९४८ सीसी, पण मामा अजूनही हे असं सांगतात की जणू स्वतः पळवली होती.

तर त्या दिवशी.

केज सोडलं आणि ट्रॅक्टरांची रांग लागली. दिवाळी झाली की आपल्याकडं काय सुरू होतं ते बीडच्या माणसाला सांगायला नको. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात कोपीचे बांबू, पत्रे, ताडपत्री, भांडी, चूल, शेळ्या, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. बाया, लेकरं, एखादी म्हातारी. सगळे पश्चिमेकडं, कारखान्यांच्या भागात निघालेले. मी दरवर्षी यांच्यावर बातमी करतो. "ऊसतोड मजुरांचे तांडे रवाना." मथळाही तोच असतो, फोटो फक्त नवा.

नेकनूरच्या अलीकडं एका ट्रॅक्टरला ओलांडून पुढं आलो. किलोमीटरभर गेल्यावर डाव्या हाताला चहाचं हॉटेल दिसलं. ब्रेक दाबला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं कापलं आणि साइडपट्टीवर उतरलो. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर उतार होता. वेग फार तर पंधरा. पुढचं डावं चाक खाली उतरलं आणि कट्ट असा आवाज आला. जाड फांदी मोडल्यासारखा. गाडीचं तोंड डावीकडं बसलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. उतरून बघितलं तर चाक मडगार्डाखाली आडवं झोपलेलं. माणसाचा घोट्यातून पाय मोडल्यावर पाऊल कसं भलतीकडं बघतं, तसं.

आणि गाडीचा मागचा अर्धा भाग अजून डांबरावर.

मागून तोच ट्रॅक्टर. मी हात वर करून धावलो, ओरडलो, त्या टेपच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार. पण पोरगं सावध होतं. त्यानं दाबलं. ट्रॅक्टर थांबला, पहिली ट्रॉली थांबली, दुसरी थांबेना. ती पहिलीला ढकलत आडवी झाली, वरचे बांबू सरकले, आणि सगळं मिळून माझ्या डिकीपासून चार-पाच हातांवर उभं राहिलं. वरून एक कोंबडी उडून खाली आली. क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक लेकरू रडायला लागलं, आणि एका बाईनं वरूनच माझा उद्धार केला. "डोळे फुटले का रं तुझे? लेकरं हैत वर!" बरोबरच होतं तिचं. मी हात जोडले.

चौकशा, शिव्या, पाणी, चहा या क्रमानं प्रकरण निवळलं. मुकादम खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "सायेब, पाय मोडला की ओ गाडीचा." दहा-बारा जणांनी मिळून तोंड उचललं. हेराल्ड आठशे किलोच्या आसपास भरते, आणि उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या माणसांना तिचं पुढचं टोक म्हणजे काही विशेष नव्हतं. चाकाखाली फळी सारली आणि ढकलत गाडी हॉटेलसमोर आणली. मी पैसे देऊ केले. घेतले नाहीत. चहा घेतला.

आता नटबोल्टाचं पुराण.

गाडी टेंपोवर घालून बीडला आणली. पेठेत एक चाचा आहेत, सत्तरीचे, जुन्या गाड्या आता तेच करतात. त्यांनी चाक काढलं, मोडलेला तुकडा फडक्यानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "देखो, मरी कब की थी, गिरी आज."

या गाडीत पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी पायाला धरलेलं असतं, त्याच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. खालच्या टोकाला मात्र आटे पाडलेले असतात, आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात स्क्रूसारखं बसतं. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा तो पाय त्या आट्यांवर थोडा वर, थोडा खाली असा फिरत राहतो. साधी, स्वस्त आणि हुशार युक्ती. पण अट एकच, त्या आट्यांत सतत तेल पाहिजे. ग्रीस नव्हे, तेल. गिअर बॉक्सला घालतात तसलं घट्ट ९० नंबरचं. ग्रीस तिथं वर थापून बसतं, आट्यांच्या तळापर्यंत जात नाही. मग पावसाचं पाणी आत जातं, गंज धरतो, पाय जड फिरायला लागतो, आणि प्रत्येक वळणाला त्या आट्यांच्या वरच्या कडेला पीळ पडतो. तिथं केसाएवढी चीर पडते. ती वाढत जाते. बाहेरून काहीही दिसत नाही, कारण ती पितळेच्या आत असते. आणि मग एक दिवस, बहुतेक वेळा कमी वेगात, स्टिअरिंग पूर्ण कापलेलं असताना, कट्ट.

हे काही आपल्याकडचंच दुखणं नाही. स्पिटफायर जपणारे इंग्लंडातले लोकही याच्यासाठी धसका घेऊन असतात आणि ग्रीसगनमध्ये तेल भरून ठेवतात.

मला खरं हलवलं ते त्या तुकड्याच्या तोंडानं. मोडलेली गोल जागा दोन रंगांची होती. अर्ध्याहून जास्त भाग काळपट-तपकिरी, जुना गंज. उरलेली चंद्रकोरीएवढी जागा लख्ख, दाणेदार, नवी. चाचांनी नखानं दाखवलं. काळा भाग म्हणजे चीर, कधीची पडलेली. पांढरा भाग म्हणजे त्या दिवशी तुटलेला. म्हणजे कित्येक महिने मी त्या चंद्रकोरीवर गाडी चालवत होतो. बायको, पोरगी मागं बसलेली असताना. मांजरसुंब्याच्या घाटात पंचवीसेक वेळा उतरलो असेन.

त्या दिवशीही घाट पुढंच होता. चहाची तलफ आली नसती तर अर्ध्या तासात तिथं असतो.

दोष कुणाचा? मीच एका गॅरेजला सर्व्हिसिंगला दिली होती, तिथल्या पोरानं सगळ्या निपलांना ग्रीस मारलं तसं यालाही मारलं. मी शेजारी उभा राहून फोनवर बोलत होतो. पासिंग करणाऱ्यांना नावं ठेवता येणार नाहीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, गाडी नेऊन दाखवावी लागते. दिवे, हॉर्न, ब्रेक, चेसी नंबर बघतात. पितळेच्या आतली चीर कोण बघणार? पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, वीस हजार भरून. तीत गाडी रोज वापरायला परवानगी नसते. मी ती केली नाही, कारण मी रोज वापरतो. म्हणजे तिथंही मीच.

आणि घरी येऊन गाडीच्या खणातली मामांची वही काढली. पाठपुस्तकाएवढी, कव्हर फाटलेली. पेट्रोल, टायर, प्लग यांच्या नोंदी, आणि पहिल्याच पानावर लाल शाईनं: "पुढच्या दोन्ही पायांना तेल. ग्रीस नाही. स्वतः उभे राहून घालून घेणे." दोन वर्षं ती वही माझ्या गुडघ्यापुढं होती.

आता मुद्द्यावर येतो.

समजा ते चाक घाटात मोडलं असतं. समजा ट्रॅक्टरचं पोरगं तेवढं सावध नसतं. तर बातमी काय आली असती? मला शब्दन् शब्द माहीत आहे, कारण बावीस वर्षं तीच बातमी मी लिहितोय. "चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने भीषण अपघात." ठाण्याला फोन करायचा, ठाणे अंमलदार सांगेल ते उतरवून घ्यायचं, मृतांची नावं, वय, गाव, "घटनेची नोंद करण्यात आली असून पुढील तपास सुरू आहे." तीन परिच्छेद. तपासाचं पुढं काय झालं ही दुसरी बातमी मी कितीदा लिहिली? घरी कात्रणांच्या फायली आहेत. मोजायला बसलो. 'ताबा सुटल्याने' चाळिसाव्या कात्रणापर्यंत मोजलं आणि थांबलो. दुसरी बातमी त्या ढिगात एकही निघाली नाही.

त्या चाळिसांत किती ठिकाणी ताबा सुटला होता आणि किती ठिकाणी आधी काहीतरी तुटलं होतं? मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. ट्रकचा चालक जागेवर गेलेला असेल तर त्याच्यावर दोष टाकणं सगळ्यांनाच सोयीचं. तो येऊन सांगणार नाही की स्टिअरिंग वळलंच नाही. एफआयआरमध्ये "हयगयीने व निष्काळजीपणे" हे शब्द आधीच छापल्यासारखे असतात. पूर्वी २७९ आणि ३०४-अ, आता न्याय संहितेत २८१ आणि १०६. कलमं बदलली, वाक्य तेच.

कायद्यात सोय नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे अपघातातल्या वाहनाची अधिकृत माणसाकडून तपासणी करता येते, त्यासाठी वाहन हलवताही येतं. रस्ता बांधण्यात, राखण्यात कसूर झाली तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करणारं १९८-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीत आलं. वीतभर उताराची ती साइडपट्टी आठवा. हे कलम लावल्याची बातमी तुम्ही वाचली आहे का? मी तरी लिहिलेली नाही. अपघातानंतर गाडी ठाण्याच्या आवारात जाते, कडेला लागते, तिच्यातून बाभळी उगवतात. तुटलेल्या लोखंडाचं तोंड पहिल्या पावसात सगळं एकाच रंगाचं होतं. मग काळं किती, पांढरं किती, हे कोणी सांगू शकत नाही.

बीडला रस्त्यावरचं मरण नवीन नाही. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, १४ ऑगस्ट २०२२ ला एक्स्प्रेसवेवर विनायक मेटे गेले. दोन्ही वेळा जिल्हा हादरला, तपास झाले, एक सीबीआयकडे, एक सीआयडीकडे. व्हायलाच हवे होते. पण उसाच्या ट्रॉलीवरून पडून गेलेल्या बाईच्या वेळी ट्रॉलीची पिन कुणी हातात घेऊन बघतं का, एवढंच मला विचारायचंय.

पिनेवरून आठवलं, आणि हेच मुख्यतः सांगायचं होतं. त्या दिवशी चहा होईपर्यंत मी त्या दोन ट्रॉल्यांच्या मधे जाऊन बघितलं. दुसरी थांबली का नाही म्हणून. तिला ब्रेक नव्हते, ते अपेक्षितच. पण पहिली ट्रॉली आणि दुसरी यांना जोडणारी जी पिन असते, तिच्या जागी बांधकामाची सळई होती. वाकवून घातलेली, वर निसटू नये म्हणून बाइंडिंग तार. सळई मधे झिजून बारीक झाली होती, आणि नुकत्याच बसलेल्या धक्क्यानं आणखी वाकली होती. दुसऱ्या ट्रॉलीवर सोळा माणसं होती. मी मोजली. त्यातली सात लेकरं.

ड्रायव्हर पोराला विचारलं. तो म्हणाला, "मूळची पिन हरवली दादा, गेल्या सीझनला. चालतंय की हे."

मुकादमाला म्हटलं, केजला परत जाऊन पिन आणा, फार पैसे लागत नाहीत, मी देतो. तो हसला. "सायेब, आज मुक्कामाला पोचायचंय. टोळी थांबली की खाडा पडतो. उचल घेतलीय आम्ही." शेवटी हॉटेलवाल्याच्या ओळखीनं नेकनूरहून एक जुनी पिन मागवली. ती भोकात बसेना, जाड निघाली. मग तिथंच दुसरी सळई वाकवून पहिलीच्या शेजारी घातली आणि वरून दोरखंडाचे चार वेढे. मीही त्यात हात लावला. लोकांना ट्रॉलीवर बसवणंच बेकायदा आहे हे मला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, आणि पुढं चौकात उभ्या असणाऱ्यांनाही माहीत असणार. ती सोळा माणसं पुन्हा वर चढली आणि ट्रॅक्टर गेला. मी बातमी दिली नाही. दिली असती तर ट्रॅक्टर अडवला असता, दंड झाला असता, आणि तो कुणाच्या हिशेबात लागला असता हे आपल्याला ठाऊक आहे. हे माझं कारण. पटतं की नाही ते तुम्ही ठरवा, मला रात्री पूर्ण पटत नाही.

म्हणून दोन कामं केली आहेत. एक, माहिती अधिकारात अर्ज टाकला. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या जीवघेण्या अपघातांपैकी किती वाहनांची तांत्रिक तपासणी झाली, किती अहवालांत काही तुटलेलं आढळलं, आणि किती ठिकाणी रस्त्याचा दोष नोंदवला गेला. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं टाकेन. दुसरं, 'ताबा सुटल्याने' हे वाक्य मी स्वतःपुरतं बंद केलं आहे. माहीत असेल ते लिहीन, नसेल तर "कारण समजू शकले नाही" लिहीन. परवा डेस्कवरच्या मित्रानं ते वाक्य काढून पुन्हा 'ताबा सुटल्याने' घातलं. फोन केला तर म्हणाला, "अरे, जागा भरायची होती."

मामांना अजून खरं सांगितलेलं नाही. गाडी कामाला टाकली आहे एवढंच सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तेल घालून घेतलंस ना रे, उभं राहून?" मी हो म्हणालो.

मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला होता. परवा लावला. पोचले, कोप्या उभ्या राहिल्या, तोड सुरू आहे. पिनेचं विचारलं. "आता ट्रॉल्या फडातून कारखान्यावर चालू हैत सायेब, थांबवाव्या कधी? सीझन संपल्यावर बघू." सीझन संपल्यावर म्हणजे परतीच्या प्रवासाला. पुन्हा सोळा माणसं वर.

या वाचकांत कुणी त्या भागात असेल, कारखान्यावर, ट्रान्सपोर्टमध्ये, शेती खात्यात, तर मला इनबॉक्स करा. मापाची एक पिन पोचवायची आहे. आणि कुणाच्या वाड्यात, गोठ्यात हेराल्ड किंवा गॅझेल पडून असेल तर पुढच्या डाव्या बाजूचा पाय आणि पितळी ठोकळा मला हवा आहे. गॅझेलचा असेल तर आधी जुळवून बघावा लागेल. उजव्या बाजूचा नको, त्याचे आटे उलटे असतात.